तांदळाचा एक दाणा आणि चौसष्ट घरे

दिवाळीच्या सुट्टीत ब्रह्मपुरीकडे बहिणीच्या घरी गेलो होतो. झाडीपट्टीत तेव्हा धानकापणी जोरात असते. बांध्यांमध्ये कापलेले धान पसरलेले, रस्त्याच्या कडेला मळणीची यंत्रे, आणि हवेत भुशाची धूळ. दुपारी ओसरीवर बसलो असताना नववीतला भाचा मोबाईल घेऊन आला.

“मामू, हे खरं आहे का?”

त्याच्याकडे दोन संदेश आले होते. एक शाळेतल्या मित्राकडून, दुसरा नात्यातल्या कुणाकडून. दोन्हींत एकच आकडा होता:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

पहिल्या संदेशात म्हटले होते की हा आकडा हजारो वर्षांपूर्वी आपल्या ऋषींना ठाऊक होता, परकीय आक्रमकांनी ते ज्ञान पळवले. दुसऱ्यात म्हटले होते की या आकड्याचे गुपित मुसलमानांनी उलगडले आणि जगाने ते लपवून ठेवले. दोन्हींच्या शेवटी ‘पुढे पाठवा’ ही आज्ञा होतीच. आकडा एक आणि मालक दोन. भाच्याचा प्रश्न साधा होता, “हा आकडा आपला का त्यांचा?”

या ‘आपला’ आणि ‘त्यांचा’मध्ये तो स्वतः कुठे उभा होता, हे मला कळले नाही. बहुधा त्यालाही कळत नसावे. आकड्यापेक्षा त्याचीच मला जास्त काळजी वाटली, म्हणून तिथल्या तिथे होय-नाही न करता त्याला म्हटले, “वही आण.” त्या दुपारी आम्ही जे बोललो, आणि घरी परतल्यावर मी पुस्तके काढून जे पुन्हा तपासले, ते इथे लिहितो आहे.

आधी गोष्ट. ती बहुतेकांनी ऐकलेली असते. एका राजाला एका विद्वानाने बुद्धिबळाचा खेळ दाखवला. राजा खूश होऊन म्हणाला, हवे ते माग. विद्वान म्हणाला, पटाच्या पहिल्या घरात एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जा. तेवढे धान्य मला द्या. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. हिशेबनीस बसले, आणि राज्यातली सगळी कोठारे रिकामी करूनही दाणे पुरणार नाहीत असे निघाले. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे भाच्याच्या मोबाईलवरचा तो आकडा.

गोष्ट हिंदुस्थानातली आहे असे सगळे सांगतात. केरळात अंबलप्पुळ्याच्या मंदिरात मिळणाऱ्या पायसाच्या प्रसादाशी ती जोडलेली आहे. तिथे विद्वानाच्या वेषात श्रीकृष्ण येतात आणि दाणे तांदळाचे असतात. अरबी ग्रंथांत त्या विद्वानाचे नाव सिस्सा बिन दाहिर असे येते आणि दाणे गव्हाचे होतात. म्हणजे देश बदलला की धान्य बदलते, हिशेब मात्र तोच राहतो. दाहिर हे नाव ऐकून आपल्याला सिंधचा राजा दाहिर आठवतो. अरबांच्या मनातला हिंदुस्थान सिंधच्या वाटेने आत आला होता, त्याची ही खूण असावी असे मला वाटते.

गोष्ट लिहून ठेवणाऱ्यांमध्ये मला सर्वांत आवडतो तो इब्न खल्लिकान. जन्म १२११, मृत्यू १२८२. दमास्कसचा काझी. त्याने नामवंत माणसांच्या चरित्रांचा मोठा कोश लिहिला. त्यात अस्-सूली नावाच्या बुद्धिबळपटूचे चरित्र देताना तो ही गोष्ट सांगतो आणि मनमोकळेपणाने कबूल करतो की आधी माझा यावर विश्वासच नव्हता. मग त्याला अलेक्झांड्रियाचा एक हिशेबनीस भेटला, आणि त्याने कागदावर सगळे मांडून दाखवले.

त्या हिशेबनिसाची रीत अशी. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे होतात. तो म्हणाला, हे एक कदह भर धान्य समजा. कदह हे इजिप्तमधले धान्याचे लहान माप. विसाव्या घरापर्यंत त्याचे वैबा हे मोठे माप झाले, मग अर्दब, मग चाळिसाव्या घरात एक अख्खे कोठार. पन्नासाव्या घरात १,०२४ कोठारे, म्हणजे एक शहर समजा. आणि चौसष्टाव्या घरात अशी १६,३८४ शहरे. जगात इतकी शहरे तरी आहेत का, असे विचारून त्याने हिशेब संपवला.

भाच्याला ही रीत लगेच कळली, कारण ती त्याच्या घरातली होती. त्याच्या दादीने शेर, पायली, कुडव, खंडी हीच शिडी चढत धान मोजलेले आहे. लहान माप भरले की मोठे माप, मोठे भरले की कोठी. शंका आली तर काझीसाहेबांनी ती लपवली नाही, आणि हिशेब पटल्यावर मान्य करायलाही लाजले नाहीत. मोबाईलवरचे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ.

मग आम्ही आमच्या भागाच्या मापाने हिशेब केला. तांदळाच्या एका किलोत ५० हजार दाणे धरले. वाणाप्रमाणे हे कमी-जास्त होईल, पण हिशेबाला चालते. पटावर आठ ओळी, एका ओळीत आठ घरे. पहिली ओळ संपली की २५५ दाणे होतात, जेमतेम ५ ग्रॅम. दुसरी ओळ संपली की सव्वा किलोच्या थोडे वर. तिसरी संपली की साधारण साडेतीन क्विंटलच्या आत. चौथी संपली, म्हणजे अर्धा पट झाला, की ८६ टन. एवढा माल मूलच्या किंवा ब्रह्मपुरीच्या एखाद्या गिरणीच्या गोदामात मावेल. राजा इथवर निवांत बसलेला असणार.

पाचव्या ओळीशेवटी २२ हजार टन होतात. सहाव्या ओळीशेवटी ५६ लाख टन, म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात वर्षभरात पिकणाऱ्या तांदळाहून जास्त. सातव्या ओळीशेवटी १४४ कोटी टन. आणि आठव्या ओळीशेवटी सुमारे ३६,८९३ कोटी टन. आज सगळे जग मिळून वर्षाला साधारण ५३ कोटी टन तांदूळ पिकवते. म्हणजे एक दाणाही न खाता, सगळ्या जगाने जवळपास ७०० वर्षे राबावे, तेव्हा विद्वानाचे देणे फिटेल.

अर्ध्या पटावर फसगत कळत नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. तेहतिसाव्या एका घरात जितके दाणे येतात, ते त्याआधीच्या बत्तीस घरांच्या एकूण बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. प्रत्येक घराचे हेच आहे. आजवरचे सगळे एकीकडे आणि पुढचे एक घर दुसरीकडे, तरी पुढच्या घराचे पारडे एका दाण्याने जड.

याच गोष्टीत पूर्ण बेरीज काढायची युक्ती दडलेली आहे, आणि ती अल-बिरूनीने लिहून ठेवली आहे. अबू रैहान अल-बिरूनी ९७३ साली ख्वारिज्ममध्ये जन्मला. इसवी सन १००० च्या सुमारास त्याने ‘अल-आसारुल बाकिया’ हा निरनिराळ्या जमातींच्या कालगणनांचा ग्रंथ लिहिला. त्यात विषयाच्या ओघात तो बुद्धिबळाच्या घरांचा हिशेब देतो आणि सगळेच्या सगळे वीस अंक बरोबर लिहितो. तेव्हा तो हिंदुस्थानात आलेलाही नव्हता.

चौसष्ट वेळा दुप्पट करत बसलात तर कुठेतरी हातचा चुकणारच. बिरूनी म्हणतो त्याचा मथितार्थ असा: कोणत्याही घरातली संख्या तिच्यानेच गुणा, म्हणजे तिचा वर्ग करा, की तुम्ही उडी मारून पुष्कळ पुढच्या घरात पोहोचता. दुसऱ्या घरात २. त्याचा वर्ग ४, हे तिसरे घर. चारचा वर्ग १६, पाचवे घर. सोळाचा वर्ग २५६, नववे घर. त्याचा वर्ग ६५,५३६, सतरावे घर. त्याचा वर्ग ४२९,४९,६७,२९६, तेहतिसावे घर. आणि त्याचा वर्ग केला की आपण पासष्टाव्या घरात पोहोचतो, जे पटावर नाहीच. पण आधीच्या सगळ्या घरांची बेरीज पुढच्या घरापेक्षा एकाने कमी असते, हे आपल्याला आता माहीत आहे. म्हणून पासष्टाव्या घरातून एक वजा करा, झाली चौसष्ट घरांची बेरीज. चौसष्ट पायऱ्यांऐवजी सहा गुणाकार.

बिरूनीलाही हा आकडा डोळ्यांपुढे उभा करायचा मोह आवरला नाही. तोही धान्याची ओझी, ओझी वाहणारी खेचरे, नद्या आणि पर्वत असा चढत जातो आणि त्याचा हिशेब २,३०५ पर्वतांपर्यंत पोहोचतो.

पुढे हाच बिरूनी गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानात आला. संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला आणि १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ लिहून पूर्ण केला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि म्हणून इथली शास्त्रे दूर निघून गेली, हे त्याने त्या सुलतानाच्याच राज्यात राहून लिहिले. आपल्याकडे महमूदाचे नाव काढून मुसलमान पोरांना चिडवणारे पुष्कळ असतात, आणि चिडून महमूदाची बाजू घेणारेही असतात. त्या दोघांनाही बिरूनी वाचायला द्यावा असे मला नेहमी वाटते. चिडवले गेल्यावर महमूदाचा वारस व्हायचे की बिरूनीचा, ही निवड आपल्या हातात असते.

त्याच ग्रंथात बिरूनी हिंदी अंकांच्या स्थानांची नावे देतो. आपल्या लोकांची मोजणी हजारावर थांबते, पण हिंदू अठरा स्थानांपर्यंत नावे देतात, असे तो कौतुकाने नोंदवतो. शेवटचे नाव परार्ध. एकावर सतरा शून्ये. एकं, दहं, शतं अशी घोकंपट्टी आपल्या आजोबांनी केली तीच ही शिडी. आमचा आकडा तिच्यात मावत नाही, तो १८४ परार्धांहून मोठा आहे. बाजारातल्या शंभराच्या पायऱ्यांनी वाचला तर १८४ शंख, ४६ पद्म, ७४ नील, ४० खरब, ७३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. हा आकडा कुणाचा? खेळ हिंदुस्थानचा, चतुरंग. तो इराणात गेला, अरबांकडे गेला तेव्हा शतरंज झाला. दहा अंक आणि शून्य हिंदुस्थानचे. अरबांनी ते घेतले आणि त्यांना ‘हिंदी अंक’च म्हटले, नाव खोडले नाही. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने हिंदी गणितावरच पुस्तक लिहिले. ते लॅटिनमध्ये गेले, युरोपने त्या अंकांना ‘अरबी’ म्हटले आणि ख्वारिज्मीच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द केला. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ साली लिहिलेल्या गणिताच्या ग्रंथात पुन्हा हाच बुद्धिबळाचा पट आहे. मग खेळ उलटा फिरून आपल्या ओसरीवर आला. आज मराठी माणूस बुद्धिबळ खेळतो तेव्हा शह देतो, मात करतो, वजीर पुढे काढतो, प्यादे मारतो. शब्द फारसी-अरबी, पट आपला. आमच्या चांद्याच्या गोंड राजांची नावे बघा: बल्लाळशहा, बीरशहा, रामशहा, नीलकंठशहा. पटावर ज्याला शह बसतो तो शाह आणि चांद्याच्या किल्ल्यातला शहा हा शब्द एकच. यातला कोणता धागा ‘त्यांचा’ म्हणून उपसून काढणार? काढायला गेलो तर कापडच उसवेल.

हा आकडा इतका नावाजलेला आहे तो केवळ गोष्टीमुळे नाही. गणितातही तो गमतीदार आहे. बिरूनीच्या सहा पायऱ्या पुन्हा पाहा: २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४२९,४९,६७,२९६. यांतल्या प्रत्येकीत एक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४२९,४९,६७,२९७. या सहा संख्यांचा गुणाकार करा. उत्तर येते आपलाच वीस अंकी आकडा. कारण शाळेतलेच आहे: एका वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन अवयव पडतात, एक ‘अधिक एक’चा आणि एक ‘उणे एक’चा. १६ उणे १ म्हणजे १५, आणि १५ म्हणजे ५ गुणिले ३. तसेच खाली खाली उतरत जायचे.

फ्रान्सचा फर्मा याला सतराव्या शतकात वाटले की अशा ‘अधिक एक’च्या संख्या सगळ्या मूळ असतात, त्यांना अवयव नसतात. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाच खरोखर मूळ आहेत. सहावीपाशी तो चुकला. १७३२ साली ऑयलरने दाखवले की ४२९,४९,६७,२९७ हा ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. म्हणजे आमच्या तांदळाच्या ढिगाचे पूर्ण अवयव असे: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. इतका मोठा गणिती एका पायरीवर घसरला, हे ऐकून भाच्याला फार बरे वाटले. त्याला सहामाहीत गणितात कमी गुण होते.

आपल्या मराठी मुलखातल्या एका शिक्षकाची कसोटीही लावून पाहिली. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म. त्यांचा ६१७४ हा आकडा जगभर माहीत आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ संख्या म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आमच्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८७. म्हणजे ३ गुणिले २९. तीनने भाग जातो, पण २९ हा वर दिलेल्या सात अवयवांत नाही. म्हणून हा आकडा हर्षद नाही. राजाला तर त्याने नक्कीच आनंद दिला नसेल.

आणखी एक. आज भाच्याच्या हातातल्या मोबाईलचे गणित ६४ खणांत चालते, प्रत्येक खणात शून्य नाहीतर एक. सगळ्या ६४ खणांत एक भरला की जी सर्वांत मोठी संख्या होते, ती हीच. म्हणजे ज्या यंत्रातून तो संदेश आला, त्याच्या पोटातही चौसष्ट घरांचा पट आहे.

एवढे झाल्यावर मी त्याला विचारले, “यात गुपित काय आहे? कुणी काय लपवले?” तो म्हणाला, “काहीच नाही. सगळे करून बघता येते.” मला एवढेच हवे होते. आपल्या समाजात ७८६ च्या नोटा जपून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, माझ्या घरातच होती. अक्षरांना अंक देऊन बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते, ही जुनी अबजद पद्धत आहे. तीत जिव्हाळा आहे, त्याची मी टिंगल करत नाही. पण आकड्यात चमत्कार शोधायची सवय लागली की आकडा सोडवायची सवय सुटते. बिरूनीने नोटा जमवल्या नाहीत, वर्ग केले.

आता मला जी गोष्ट खरोखर सांगायची आहे तिच्याकडे येतो. अरबीत या प्रश्नाला घरांची ‘तदईफ’ म्हणतात, म्हणजे दुप्पट करणे. त्याच धातूचे शब्द कुरआनात अनेक ठिकाणी आले आहेत, आणि त्यांतली दोन ठिकाणे एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत.

एक आले-इम्रान सूरेत. तिथे व्याज दुपटी-चौपटीने वाढवून खाऊ नका, अशी ताकीद आहे. दुसरे बकरा सूरेत. तिथे अल्लाहच्या वाटेत खर्च करणाऱ्याला दाण्याची उपमा दिली आहे: एका दाण्यातून सात कणसे, प्रत्येक कणसात शंभर दाणे, आणि अल्लाह वाटेल त्याला आणखी वाढवून देतो. वाढ इथेही आहे, तिथेही आहे. एक वाढ घेणाऱ्याच्या वहीत होते, दुसरी देणाऱ्याच्या शेतात.

झाडीपट्टीतल्या माणसाला ही पहिली वाढ समजावून सांगावी लागत नाही. रोवणीच्या तोंडावर बियाणाचे धान उसने घ्यायचे आणि कापणीला दीडपट परत करायचे, हा व्यवहार आमच्या आजोबांच्या पिढीला रोजचा होता. पीक बुडाले तर दीडपटीची दीडपट. पहिल्या तीन-चार घरांत ते ओझे वाटत नाही, राजालाही वाटले नव्हते. पटाच्या दुसऱ्या अर्ध्यात पोहोचेपर्यंत बांधी दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. हिंदू परंपरेने यावर स्वतःचा लगाम काढला होता, दामदुप्पट. व्याज मुदलाइतके झाले की तिथे थांबायचे, एकावेळी मुदलाच्या दुपटीहून जास्त वसूल करायचे नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयेही हा नियम मानत. बुद्धिबळाच्या भाषेत सांगायचे तर दामदुप्पट म्हणजे दुसऱ्या घरात थांबा. दोन धर्मांच्या शास्त्रांना एकाच गणिताची भीती वाटली, कारण गणित दोघांनीही पाहिले होते.

दुसऱ्या वाढीचे उदाहरण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या धानाच्या तीन लोंब्या दिसल्या. दाणा पिवळसर होता. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केले असते. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, राखल्या, पुन्हा निवडल्या. वर्षामागून वर्ष हे चालले. त्यातून बारीक, चवदार तांदळाचे वाण उभे राहिले, आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. चंद्रपूर, गडचिरोलीतून ते भंडाऱ्याला गेले, छत्तीसगडला गेले, इतर राज्यांत गेले. दादाजींनी आणखीही वाणे शोधली.

पुढे कृषी विद्यापीठाने त्याच वाणातून निवड करून पीकेव्ही एचएमटी हे वाण आणले आणि श्रेय कुणाचे यावर वाद झाला. २००५ साली राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने त्यांचे नाव छापले. पण ज्याच्या तीन लोंब्यांतून लाखो ताटे भरली, त्याच्या घरची ओढाताण शेवटपर्यंत संपली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

भाच्याला मी विचारले, “एचएमटी कुणाचा? आपला का त्यांचा?” तो गप्प राहिला. दुपारी त्याच तांदळाचा भात आम्ही जेवलो होतो. दादाजी बौद्ध समाजातले, आम्ही मुसलमान, शेजारचे कुणबी, पलीकडचे गोंड. रात्री सगळ्यांच्या घरी तोच शिजतो. ज्ञान असेच वाढते. बिरूनीने पंडितांकडून घेतले म्हणून पंडितांकडचे कमी झाले नाही. पण घेतल्यावर कुणाकडून घेतले ते सांगायला लागते. अरबांनी अंकांना ‘हिंदी’ म्हटले, इब्न खल्लिकानने अलेक्झांड्रियाच्या हिशेबनिसाला श्रेय दिले. दादाजींच्या बाबतीत आपण सगळे तिथे कमी पडलो. मोबाईलवर ‘आपले ज्ञान चोरले’ म्हणून ओरडणारे त्यांच्या हयातीत किती जण नांदेडला जाऊन आले असतील?

बकरा सूरेतल्या उपमेचाही आम्ही हिशेब केला, केवळ गणित म्हणून. एका दाण्याचे सातशे, प्रत्येकाचे पुन्हा सातशे. सातव्या हंगामात चौसष्ट घरांची सगळी बेरीज मागे पडते. यात कुणी चमत्कार शोधू नये. एवढी जमीन आणि एवढे पाणी पृथ्वीवर नाही, उपमा उपमाच असते. पण तीन लोंब्या राखणाऱ्या माणसाचे काम समजायला ती पुरेशी आहे.

संध्याकाळी भाच्याने बिरूनीची शेवटची पायरी स्वतः करून पाहिली. दहा अंकी संख्येचा तिनेच गुणाकार. दोन पाने भरली आणि उत्तर मोबाईलवरच्या आकड्याशी जुळेना. मी त्याला नवाची तपासणी शिकवली. जुने अरबी गणिती तिला मीज़ान म्हणत, म्हणजे तराजू. ४२९,४९,६७,२९६ च्या अंकांची बेरीज ५८, मग १३, मग ४. चारचा वर्ग १६, म्हणजे ७. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीजही शेवटी ७ यायला हवी. त्याची ५ येत होती. कुठेतरी हातचा सुटला होता.

अंगणात दादी धान मोजून घेत होती. आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. शेजारी ‘लाभ’ म्हणतात, आम्ही ‘बरकत’ म्हणतो, आणि मोजणी दोनपासून पुढे चालते. भाचा पुन्हा पहिल्या ओळीपासून गुणाकार तपासत होता. मगरिबच्या अज़ानच्या थोडे आधी त्याला चूक सापडली. मग त्याने उत्तर पुन्हा लिहिले, शेवटी ६१६. त्यातून एक वजा केला आणि वही माझ्यापुढे धरली.

ते दोन्ही संदेश त्याने पुढे पाठवले नाहीत. वहीच्या त्या पानांचा फोटो मात्र शाळेतल्या मित्राला पाठवला.